एच-१बीवर टेक्सासला येताय आणि बंदुकांची आवड आहे, त्यांच्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरमध्ये एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) डॅलसला येतोय, बायको एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर), मुलगी सहा वर्षांची. बंदुकांच्या इतिहासाचं वेड शाळेपासून आहे. आल्या आल्या रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, जाता येईल का, घरात एखादं पिस्तूल ठेवावं का, आणि इथल्या शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराचं काय? मी १९ वर्षं ह्यूस्टनजवळ राहते आणि हेच वेड घेऊन इथे आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायदा, कारण इथे चुकलात तर व्हिसावर येतं. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं, हे तुम्ही वाचलं असेलच. ते तुम्हाला लागू नाही. नॉनइमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, शिवाय हद्दपारीची टांगती तलवार. आणि रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल दहा मिनिटं हातात धरलं तरी ते बाळगणंच. अमिरातीतून आलेला एक विद्यार्थी व्हिसा संपल्यावर रेंजवर जाऊन दोन बंदुका चालवून आला, त्याला १८ महिन्यांची शिक्षा झाली. आपण बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं, हेही सरकारने सिद्ध करायला हवं, असा निकाल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला खरा. पण तिथपर्यंत जायची वेळ कुणावर येऊ नये.

मला हे कळलं ते रेंजच्या काउंटरवर. ऑफिसातल्या मंडळींबरोबर गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट पाहून शिकारीचं लायसन्स मागितलं. सगळे आत गेले आणि मी बाहेर बाकावर बसून राहिले. फार अपमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी कायदा वाचला तेव्हा समजलं, त्या बाईंनी मला वाचवलं होतं.

वाट आहे ती त्याच लायसन्समधून. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर व्हिसावरच्या माणसाला ही बंदी लागत नाही. मग रेंजवर जाता येतं, दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक खरेदीचा सरकारी अर्ज) भरून बंदूक विकतही घेता येते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. शिकार करायची नसली तरी तो मनापासून करा. बंदूक हातात कशी धरायची, तिची नळी कुठे असावी, चापावर बोट कधी ठेवायचं हे तिथे नीट शिकवतात. एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा: टेक्सासचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नूतनीकरण विसरलात, तर १ सप्टेंबरला कपाटातली तीच बंदूक तुम्हाला गुन्हेगार ठरवते. बायकोचं वेगळं लायसन्स नसेल तर कपाटाची किल्ली तिच्याकडे नको. ग्रीन कार्ड मिळालं की ही अट सुटते; नुसता अर्ज केलाय, एवढ्याने सुटत नाही.

तुमचं खरं प्रेम जुन्या बंदुकांवर आहे, म्हणून हे सांगते. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्राच्या कायद्यात 'अँटिक' ठरते, म्हणजे या बंदीपुरती ती बंदूकच नव्हे. काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या बंदुकीची आज बनवलेली प्रतिकृतीही त्यातच येते. मात्र १८९० सालचं कोल्ट रिव्हॉल्व्हर घेतलंत आणि त्यासाठी दुकानातून नवी काडतुसं आणलीत, तर बंदूक कायद्याला चालेल पण काडतुसं तुम्हाला अडकवतील. शिवाय राज्यागणिक नियम बदलतात.

सुट्टी मिळाली की मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जा. तिथला सरकारी शस्त्रकारखाना १७९४ ला सुरू झाला, १९६८ ला बंद झाला, आता संग्रहालय आहे. ब्लँचर्डचं लेथ तिथे बघायला मिळतं: एका नमुन्यावरून बंदुकीचा वेडावाकडा लाकडी दस्ता जसाच्या तसा कोरून काढणारं यंत्र, १८२० च्या आसपासचं. सुटे भाग एकमेकांना बसतील असे बनवायची विद्या अमेरिकेने अशा कारखान्यांत घोटली, आणि पुढे शिलाई मशीन, सायकली त्याच विद्येतून आल्या. मी त्या लेथपुढे तासभर उभी होते. वायोमिंगमधल्या कोडी गावचं बंदुकांचं संग्रहालयही मोठं, पण ते पुढच्या वर्षी.

शस्त्र बाळगण्याच्या अधिकाराबद्दलही विचारलंत. अमेरिकेच्या राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची, एकाच वाक्याची. त्यात नागरी सेनाही आहे आणि 'लोकांचा' शस्त्रं बाळगण्याचा हक्कही. हा हक्क व्यक्तीचा आहे असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं ते थेट २००८ मध्ये. मला त्यातला 'लोक' हा शब्द महत्त्वाचा वाटतो. १८६५ मध्ये मिसिसिपीने नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी केली. १९६७ मध्ये ब्लॅक पँथर्स ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी संघटना; तिचे लोक उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक रस्त्यावर नेण्यावर बंदी आणली, आणि त्यावर सही गव्हर्नर रेगन यांची. लोकांत कोण मोडतं हा वाद तेव्हापासून चालूच आहे. तुम्ही-आम्ही व्हिसावाले त्याच्याच कडेवर उभे आहोत, म्हणून हा इतिहास आपल्याला परका नाही.

घरात पिस्तूल ठेवावं का? माझं मत, नको. निदान मुलगी लहान असेपर्यंत तरी नको. २०२१ मध्ये इथे बंदुकीने ४८ हजारांवर माणसं मेली, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. नवा देश, नोकरीची टांगती चिंता, एकटेपणा, अशा घरात भरलेली बंदूक मला नको वाटते. ठेवलीतच तर कुलपात ठेवा. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती ती लागली तर टेक्सासमध्ये जबाबदारी तुमची. आणि मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाणार असेल तेव्हा तिच्या आईला आधी विचारा, घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का. मी प्रत्येक घरी विचारायचे. पहिल्यांदा जीभ जड झाली होती, पण पलीकडच्या बाई म्हणाल्या, बरं झालं विचारलंत, आणि मला नेऊन कपाट दाखवलं.