ऊर्जेचा ‘उपभोग’, ‘खप’ की ‘वापर’?

फोंड्याच्या अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: विकसनशील देशांतली ऊर्जा, व्यापार आणि आर्थिक वाढ यांवर मराठीत निबंध लिहिते आहे, तर ‘कन्झम्प्शन’साठी उपभोग लिहू, खप की वापर?

‘वापर’ लिहा. ‘उपभोग’ या विषयात तरी नकोच.

उपभोगात ‘भोग’ आहे, म्हणजे मिळालेल्याचा आस्वाद. अर्थशास्त्रातही ग्राहकाने स्वतःची गरज भागवणे म्हणजे उपभोग. घरच्या पंख्याला तो शोभेल. पण कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्टीला वीज लागते ती कच्च्या मालासारखी. तिथे ती आदान आहे, म्हणजे उत्पादनात घालायची सामग्री.

शिवाय या विषयातला मुख्य वादच असा, की ऊर्जेमुळे उत्पन्न वाढते की उत्पन्न वाढल्यामुळे ऊर्जा जास्त लागते? क्राफ्ट आणि क्राफ्ट या दोन संशोधकांनी 1978 मध्ये अमेरिकेची 1947 ते 1974 ची आकडेवारी तपासली; त्यांना आधी उत्पन्न, मग ऊर्जा असा क्रम दिसला. विकसनशील देशांच्या अभ्यासांत उत्तरे एकसारखी नाहीत: कुठे ऊर्जा पुढे, कुठे उत्पन्न, कुठे दोन्ही एकमेकांना ओढतात, कुठे काहीच संबंध सापडत नाही. तुम्ही ‘उपभोग’ लिहिलात की ‘आधी कमाई, मग भोग’ असा निकाल शब्दानेच दिला! ‘वापर’ कुणाचीच बाजू घेत नाही.

‘खप’ मला फार आवडतो. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचे सामान खपते, वर्तमानपत्राचा खप वाढतो. पण हा विकणाऱ्याच्या बाजूने पाहणारा शब्द. पेट्रोल-डिझेलचा खप म्हणा, खुशाल. एखाद्या देशाच्या साऱ्या ऊर्जेला मात्र तो पुरत नाही, कारण रानातून आणलेले जळाऊ लाकूड चुलीत जाते ते विकत न घेताच, आणि गरीब देशांत हा वाटा मोठा असतो.

व्यापार आला की आणखी एक पेच. आपले गोव्याचे लोहखनिज बार्जीतून मुरगाव बंदराला आणि तिथून जपान-चीनला जात आले. खोदाई-वाहतुकीचे डिझेल इथे जळते, पोलाद वितळवणारी भट्टी तिकडे पेटते. ती ऊर्जा तिकडच्या खात्यात पडते. तेच पोलाद यंत्र होऊन परत आले तरी ती ऊर्जा आपल्या आकड्यांत दिसत नाही. अशा ऊर्जेला ‘मालात मुरलेली ऊर्जा’ म्हणावे, असे मी सुचवेन. मुरणे लोणच्याचे असले तरी अर्थ नेमका पोचतो.

आणि ‘ऊर्जावापर’ एकत्र लिहा. संस्कृत-मराठी जोड म्हणून बिचकू नका. ‘वीजवापर’ कधीचा रुळला आहे.