सही झाली नाही, पण फेरी तर झाली

अमेरिकेत घरकर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला कर्जदाराच्या घरी जाणाऱ्या नोटरी साइनिंग एजंटांची ही पत्रं. सगळ्यांचं दुखणं एकच आहे: ठरलेली अपॉइंटमेंट रद्द झाली की केलेल्या कामाचे पैसे कोणी आणि किती द्यायचे?

प्रश्न: रीफायनान्सचं (जुनं घरकर्ज फेडायला नवं कर्ज घेण्याचं) एक काम ११० डॉलरला घेतलं. १४० पानांचे कागद दुपारी चारला आले. दोन संच छापले, जाऊन-येऊन ३८ मैल गाडी चालवली. टेबलावर बसल्यावर कर्जदार म्हणाले, "आम्हाला सांगितलेला व्याजदर हा नव्हे," आणि सही केली नाही. साइनिंग सर्व्हिस, म्हणजे आम्हाला कामं देणारी मध्यस्थ कंपनी, म्हणते, सही नाही तर फी नाही. फार मागे लागल्यावर २० डॉलर देऊ केले. रास्त रक्कम किती? — एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: २० डॉलरवर गप्प बसलात तर त्यांचं काम तुम्ही पदरमोड करून केलंत असं होईल. हिशेब मांडून बघा. दोन संच म्हणजे २८० पानं. कागद आणि टोनर मिळून पानामागे ४ सेंट धरले तरी ११ डॉलर २० सेंट. गाडीचा खर्च आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) २०२५ च्या दराने, म्हणजे मैलामागे ७० सेंटने, ३८ मैलांचा २६ डॉलर ६० सेंट. झाले ३७ डॉलर ८० सेंट, आणि यात तुमचा वेळ धरलेलाच नाही. छापणं आणि पानं तपासणं अर्धा तास, प्रवास पाऊण-एक तास, टेबलावर अर्धा-पाऊण तास, वर फोनाफोनी. एकूण अडीच तास सहज जातात.

आमच्या मते रास्त मोजमाप असं. छपाईच्या आधी, पुरेसा वेळ ठेवून रद्द झालं तर काही मागू नये. छपाई झाल्यावर रद्द झालं तर २५ ते ३० डॉलर. वाटेत असताना फोन आला तर छपाई अधिक प्रवास, म्हणजे साधारण ५० ते ६०, आणि अंतर लांबचं असेल तर मैलांच्या हिशेबाने जास्त. दारापर्यंत पोचलात आणि कोणी भेटलंच नाही, तर निम्म्या फीहून कमी घेऊ नये. टेबलावर बसलात, ओळखपत्र पाहिलंत, कागद पुढे ठेवलेत आणि मग कर्जदाराने नाही म्हटलं, तर पूर्ण फी. अशा बैठका पुष्कळदा नेहमीच्या सहीपेक्षा लांबतात. कर्जदार लोन ऑफिसरला फोन लावतो, तो पलीकडून समजूत घालत राहतो, आणि तुम्ही शाई सुकलेला शिक्का हातात धरून बसलेले असता. तुमच्या बाबतीत मागणी ११० डॉलरचीच करा.

पूर्ण फी मागायला पैशापेक्षा मोठं कारण आहे. नोटरी हा निःपक्ष साक्षीदार असतो. सही झाली तर ११०, नाही झाली तर शून्य, असं ठरलं की कर्जदाराने सही करावी यात नोटरीचा स्वतःचा पैसा अडकतो. मग ओळखपत्र म्हणून दाखवलेलं मुदत संपलेलं लायसन्स "चालेल" वाटू लागतं. आकडे बघून गोंधळलेल्या आजींना "आधी सही करा, नंतर विचारा" असं सांगावंसं वाटतं. हे घडू नये म्हणूनच सही आणि मोबदला यांची गाठ तोडायला हवी. कंपनीशी बोलताना हा मुद्दा जरूर काढा. घराची मालकी तपासून व्यवहार पार पाडणाऱ्या टायटल कंपनीलाही दबावाखाली घेतलेली सही नकोच असते.

कायद्याचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियात नोटरीच्या कामाची कमाल फी सहीमागे १५ डॉलर आहे आणि ती नोटरीचं काम पूर्ण झालं तरच घेता येते. सही झाली नाही, त्यामुळे बिलात "नोटरी फी" लिहू नका. "छपाई, प्रवास आणि उपस्थिती" असं लिहा. हे पैसे करारातले असतात, म्हणून काम घेताना लेखी काय ठरलं होतं यावर बाकी सगळं अवलंबून राहतं. काहीच ठरलं नसेल तर तुमचा हक्क नाहीसा होत नाही, पण वाद घालावा लागतो.

प्रश्न: कामाचा मेसेज एकदम अनेकांना जातो आणि जो पहिला "हो" म्हणेल त्याला काम मिळतं. अटी लिहीत बसलो तर काम हातचं जातं. मग अटी घालायच्या कधी? — डॅलस, टेक्सस

उत्तर: मेसेज यायच्या आधी. कंपनीकडे नाव नोंदवताना तुमचं दरपत्रक पाठवा आणि त्यात रद्द कामाचे दर वेगळ्या ओळींत लिहा. पोच आली की ती जपून ठेवा. मग काम आलं की एका ओळीचं उत्तर पुरतं. मेसेज इंग्रजीत पाठवाल, त्यातला मजकूर असा असावा: "११० डॉलरला काम स्वीकारतो. छपाईनंतर रद्द झाल्यास ३० डॉलर, निघाल्यावर रद्द झाल्यास ६०, टेबलावर सही न झाल्यास पूर्ण फी. माझं दरपत्रक तुमच्याकडे आहे." हा मजकूर फोनमध्ये तयार ठेवा, दहा सेकंदांत जातो.

ॲपमध्ये नुसतं स्वीकारायचं बटण असेल तर त्याच क्षणी कामाच्या नोंदीत किंवा ईमेलने हाच मजकूर टाका. कागद छापल्यावर पाठवलेल्या अटीला फारसं वजन राहत नाही. तो दुसऱ्या बाजूने न मानलेला नुसता प्रस्ताव ठरतो.

आणि ऑर्डरच्या पुष्टीपत्राची शेवटची पानं वाचा. इथेच घोडं पेंड खातं. तीन वाक्यं शोधायची. "कर्जाचे पैसे वितरित झाल्यावरच फी", "सही न झाल्यास फी कंपनीच्या मर्जीनुसार" आणि "दुरुस्तीसाठी पुन्हा जाणं मोफत". पहिलं सर्वांत वाईट. सही झाल्यावरही लेंडरने (कर्ज देणाऱ्या संस्थेने) कर्ज अडवलं तर तुमचा काही दोष नसताना पैसे बुडतात. ते वाक्य काढायला सांगा. नाही काढलं तर ते काम सोडून द्या.

प्रश्न: रद्द होण्याचं प्रमाणच कमी कसं करता येईल? महिन्यातून तीन-चारदा छापलेला गठ्ठा वाया जातो. — एडिसन, न्यू जर्सी

उत्तर: गठ्ठा वाया का जातो ते आधी पाहू. अंतिम आकड्यांचं क्लोजिंग डिस्क्लोजर कर्जदाराला व्यवहाराच्या किमान तीन कामकाजी दिवस आधी मिळालं पाहिजे, असा संघराज्याचा नियम ३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू आहे. नंतर वार्षिक दर, म्हणजे एपीआर, ठरावीक मर्यादेबाहेर सरकला (साध्या कर्जात ही मर्यादा ०.१२५ टक्क्यांची), कर्जाचा प्रकार बदलला किंवा मुदतपूर्व फेडीचा दंड जोडला, तर तीन दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. ही गोष्ट लेंडरच्या लक्षात कधी कधी सहीच्या दिवशीच येते. तोवर तुमचा गठ्ठा छापून झालेला असतो.

म्हणून छपाईचं बटण दाबण्याआधी कंपनीला लेखी विचारा: "हे कागद अंतिम आहेत का? डिस्क्लोजर पोचल्याची पोच कर्जदाराने दिली आहे का?" उत्तर "हो" आलं आणि तरी कागद बदलले, तर दुसऱ्या छपाईचे पैसे मागायला तुमच्या हाती पुरावा असतो. शिवाय कर्जदाराची प्रत ईमेलने दिली तर चालेल का, तेही विचारा. लेंडरची परवानगी असेल तर निम्मी पानं वाचतात.

दुसरा फोन कर्जदाराला, काम मिळाल्याबरोबर. ओळखपत्रावरचं नाव आणि कागदांवरचं नाव अक्षरशः जुळतं का, ओळखपत्राची मुदत संपली आहे का, घराच्या मालकीत नाव असलेला जोडीदार हजर राहणार का. आपल्या लोकांत मधल्या नावामुळे घोटाळा फार होतो. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, कर्जाच्या अर्जावर नसतं. शेवटी विचारा, "अंतिम व्याजदर आणि पदरची भरायची रक्कम तुम्ही पाहिलीत ना?" नाही म्हणाले तर लोन ऑफिसरशी आधी बोलून घ्यायला सांगा. आकड्यांचा अर्थ तुम्ही स्वतः समजावून सांगू नका, ते तुमचं काम नाही. फ्रीमाँटच्या वाचकांची फेरी या एका प्रश्नाने कदाचित वाचली असती.

एक दिवस पुढे ढकललं तर "कागद तेच वापरा" असं कंपनी म्हणते. राहत्या घराच्या रीफायनान्समध्ये ते सहसा चालत नाही. सहीनंतर तीन दिवसांत कर्ज रद्द करण्याचा कर्जदाराला हक्क असतो आणि त्या हक्काच्या नोटिसीवर शेवटची तारीख छापलेली असते. गुरुवारी सही झाली तर शुक्रवार, शनिवार, सोमवार असे तीन दिवस मोजतात आणि सोमवारी मध्यरात्री मुदत संपते. शनिवार धरतात, रविवार आणि संघराज्याच्या सुट्ट्या धरत नाहीत. सही शुक्रवारवर गेली की मुदत मंगळवारवर जाते. जुनी नोटीस दिली तर कर्जदाराला कमी दिवस मिळतात आणि लेंडर अडचणीत येतो. त्यामुळे नवे कागद मागवा आणि नव्या छपाईचं शुल्क लावा. घर खरेदीच्या कर्जाला ही नोटीस नसते.

प्रश्न: दार वाजवलं, कोणी उघडलं नाही. किती वेळ थांबावं? — शिकागो

उत्तर: ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटं. पोचल्यावर घर क्रमांक दिसेल असा, वेळेची नोंद असलेला फोटो काढा. कर्जदाराला फोन आणि मेसेज, मग कंपनीला फोन. कंपनीने "निघा" असं लिहून पाठवल्याशिवाय जागा सोडू नका. नाहीतर तुम्हीच निघून गेलात असा शेरा पडतो आणि भरपाई जाते.

प्रश्न: एका कंपनीने रद्द झालेल्या पाच कामांचे पैसे अडीच महिने दिलेले नाहीत. पुढे काय करता येईल? — क्वीन्स, न्यू यॉर्क

उत्तर: पाच कामांचं एकच बिल करा. प्रत्येक ओळीत ऑर्डर क्रमांक, तारीख, कोणत्या टप्प्यावर रद्द झालं आणि रक्कम. सोबत कंपनीचा रद्द केल्याचा मेसेज जोडा आणि १० दिवसांची मुदत द्या. करारात मनाई नसेल तर टायटल कंपनीच्या एस्क्रो अधिकाऱ्याला (व्यवहाराचे पैसे सांभाळणाऱ्याला) त्याची प्रत पाठवा. बरीच बिलं इथेच सुटतात.

नाही सुटलं तर तुमच्या शहरात कायदा तुमच्या बाजूने आहे. स्वतंत्र काम करणाऱ्यांचा मोबदला वेळेत मिळावा यासाठी न्यू यॉर्क शहरात २०१७ पासून आणि संपूर्ण राज्यात २८ ऑगस्ट २०२४ पासून कायदा आहे. लेखी करार देणं काम देणाऱ्यावर बंधनकारक आहे. तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि थकवल्यास दुप्पट भरपाई मागता येते. अट किमान ८०० डॉलरची, पण ती एका कामाची नव्हे. त्याच कंपनीसाठी १२० दिवसांत केलेली सगळी कामं मिळून धरतात. म्हणजे नीट पार पडलेली कामंही मोजा. शिकागोच्या वाचकांसाठी: इलिनॉयमध्ये असाच कायदा १ जुलै २०२४ पासून आहे आणि तिथे मर्यादा ५०० डॉलर.

स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट, हा शेवटचा मार्ग. न्यू यॉर्क शहरात १०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. दाव्याची फी १,००० डॉलरपर्यंत १५ आणि त्यावर २० डॉलर. मात्र कंपनीचं कार्यालय शहरात असलं पाहिजे, ते आधी तपासा.

प्रश्न: आमच्या भागातल्या पंचवीस-तीस एजंटांचा व्हॉट्सॲप गट आहे. ६० डॉलरपेक्षा कमी रद्दीकरण फी कोणीच घ्यायची नाही, असं सगळ्यांनी ठरवलं तर? — ह्यूस्टन

उत्तर: तळमळ समजते, पण हे करू नका. तुम्ही कोणाचे नोकर नसून प्रत्येक जण स्वतंत्र व्यावसायिक आहात. स्वतंत्र व्यावसायिकांनी मिळून दर बांधणं १८९० च्या शर्मन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूर हा आयता पुरावा. प्रत्येकाने आपला दर आपला ठरवावा आणि त्याखाली काम नाकारावं. त्यात काहीच गैर नाही.

प्रश्न: रद्द कामाच्या पैशांवर कर कसा लागतो? — सॅन होजे

उत्तर: नोटरीच्या कामाच्या फीवर १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर लागत नाही, फक्त आयकर लागतो. छपाई, प्रवास आणि रद्दीकरणाची भरपाई मात्र नोटरी फी नसल्याने तिच्यावर दोन्ही लागतात. म्हणून वहीत दोन वेगळे रकाने ठेवा. वाया गेलेल्या फेरीचे मैलही खर्चात धरता येतात. तारीख, ठिकाण, कारण आणि मैल त्याच दिवशी लिहून ठेवा.

प्रश्न: टायटल कंपनी नव्हे, घरगुती गिऱ्हाईकच पॉवर ऑफ ॲटर्नीसाठी बोलावतं आणि मी वाटेत असताना नको म्हणतं. तेव्हा? — लास व्हेगस

उत्तर: नेवाडाचा कायदा इथे स्पष्ट आहे. प्रवास शुल्क आधी ठरलं असेल, आणि ते नोटरी फीपेक्षा वेगळं असून कायद्याने सक्तीचं नाही हे तुम्ही सांगितलं असेल, तर तुम्ही निघाल्यावर गिऱ्हाइकाने रद्द केलं तरी ते घेता येतं. इतर राज्यांत आपापला नियम बघा. कुठेही असलात तरी अनोळखी गिऱ्हाइकाकडून प्रवासाचे पैसे निघण्याआधीच घ्या.

प्रश्न: सही न झालेल्या गठ्ठ्याचं काय करायचं? — एडिसनचेच वाचक

उत्तर: आधी कंपनीला विचारा, परत पाठवायचा की नष्ट करायचा, आणि उत्तर लेखी घ्या. नष्ट करायचा असेल तर बारीक तुकडे करणाऱ्या श्रेडरमधूनच. त्यात सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि बँक खाती असतात. २८० पानं घरच्या श्रेडरमध्ये एकदम जात नाहीत, यंत्र तापतं. थांबत-थांबत वीस मिनिटं लागतात. छपाईचं शुल्क ठरवताना तीही धरा. संगणकावरची फाइलही पुसा, डाउनलोडचा फोल्डर विसरू नका.