‘डॉक्टरांनाच कळत नाही, म्हणजे कॅन्सरच ना?’

फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की समोरच्याने फाइल पुढे केली की मला तो आधीच ऐकू येतो. सोनोग्राफीत यकृतावर गाठ दिसते, सीटी होतो, आणि रिपोर्टात येतं: साधी वाटते, पण नेहमीची लक्षणं नाहीत, एमआरआय करावा. घरचे म्हणतात, डॉक्टर लपवतायत.

निदान हे माझं काम नव्हे, पण एवढं मी सांगते. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ, सोनोग्राफीत एरवी पांढरी दिसते. यकृतात चरबी असली की तीच काळपट दिसू शकते. एफएनएच या निरुपद्रवी गाठीत मध्यभागी वण शोधतात, तो लहान गाठींत बरेचदा नसतोच.

सदतिशीतली एक बाई चवथीच्या आधीपासून झोपत नव्हती (ओळखीचे तपशील बदललेत). गाठ 3 सेंटिमीटरची, एएफपी (यकृताच्या कॅन्सरच्या शंकेत करतात ती रक्ततपासणी) नॉर्मल. तेवढ्याने कॅन्सर नाही असं ठरत नाही, हे तिने कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंच आहे. बरोबर नवरा आणि सासूबाई. प्रश्न मी तिला विचारायचे, उत्तर सासूबाईंकडून यायचं.

आजारी माणसापेक्षा त्याच्याभोवतीचं घर आधी ऐकावं, अशा मताची मी. ते ऐकून झालं होतं, म्हणून पुढच्या वेळी तिला एकटीला बोलावलं.

“डॉक्टरांनी काय काय विचारलं?”

“कावीळ झाली होती का. दारू घेता का. गोळ्या कसल्या चालू आहेत का.”

“मग?”

“नाही म्हटलं.” मग बऱ्याच वेळाने, “सासूबाई बाजूलाच होत्या ना, मॅडम.”

ती 8 वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेत होती. घरात मात्र दुसऱ्या नातवंडाची वाट पाहणं चाललेलं. नवऱ्याला माहीत होतं, तोही गप्प राहिला होता.

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं, त्याला वर्षं गेलीत. शेवटी तीच म्हणाली, “म्हणजे लपवलं ते मीच.”

या गोळ्यांतल्या इस्ट्रोजेनचा अ‍ॅडेनोमा या गाठीशी संबंध आहे. तीही साधीच, पण 5 सेंटिमीटरच्या वर गेली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, क्वचित कर्करोगही होतो. चित्र धूसर असतं तेव्हा अशी एक माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. म्हणून माझा आग्रह: तपासणीच्या वेळी थोडा वेळ एकट्याने बोलायला मागा. गोळ्या, इंजेक्शनं, जिममधली स्टेरॉइड, सगळं सांगा. आणि विचारा की शक्यता कुठल्या उरल्या, पुढच्या तपासणीने त्यांतला फरक कळेल का, थांबायचं तर कधीपर्यंत. बायोप्सी सुचवली तर घाबरून नाही म्हणू नका. ती कशासाठी हवी ते समजून घ्या.

तिने फोन करून डॉक्टरांना सांगितलं. मग यकृतासाठीचं खास कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय झाला. एफएनएचची गाठ कॉन्ट्रास्टचं ते औषध बहुतेक वेळा धरून ठेवते. हिच्या गाठीने धरलं नाही. डॉक्टरांचा कल अ‍ॅडेनोमाकडे आहे. गोळ्या बंद केल्यात, 6 महिन्यांनी पुन्हा एमआरआय. पुढच्या भेटीला नवरा-बायको दोघं येणार आहेत, सासूबाईंना काय आणि कोणी सांगायचं ते ठरवायला.