लेणी म्हणजे गुहाच का? आणि दागिन्यालाही लेणंच का म्हणतात?

प्रश्न असा होता की 'अजिंठ्याच्या गुहा' म्हटलं तर काय बिघडलं, आणि लेणं म्हणजे तर दागिना, मग डोंगराने ल्यालेला दागिना म्हणून लेणं असं म्हणतात ते खरं का.

दागिन्याची कल्पना सुंदर आहे पण व्युत्पत्ती म्हणून ती नाही पटत. दागिन्याचं लेणं हे लेणे या क्रियापदावरून, म्हणजे काजळ लेणे, कुंकू लेणे मधलं. डोंगरातलं लेणं वेगळं, ते संस्कृत लयन, पाली-प्राकृत लेण, अर्थ आसरा, विसावा घ्यायची जागा. दोन शब्द झिजत झिजत सारखे दिसायला लागले इतकंच.

आणि हा शब्द आपण मागाहून दिलेला नाही, खोदणाऱ्यांचाच आहे! नाशिकच्या पांडवलेण्यांत १० नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, पहिल्या-दुसऱ्या शतकातला, त्यात सरळ लिहिलंय 'इदं लेणं कारितं इमा च पोढियो', म्हणजे हे लेणं करवलं आणि या पोढ्या, पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. नुसतं खोदून तो थांबला नाही, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि त्यातल्या २००० च्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. म्हणजे पावसात भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं हा नियम, त्यासाठी छप्पर, पाणी आणि कपडा, तिन्हीची सोय एकाच दानात. मला तर वाटतं लेणं या शब्दाचा अर्थ याहून स्पष्ट कुठेच सापडणार नाही.

पाली विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, भिक्षूंना पाच प्रकारच्या लेणांची परवानगी आहे, विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय या बांधलेल्या वास्तू आणि गुहा. म्हणजे मुळात गुहा हा लेणाचा एक प्रकार, उलटं नाही. त्याहून भारी म्हणजे संयुत्त निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात निर्वाणाला जी नावं दिलीत त्यात 'लेण' पण आहे! पावसापासूनचा आसरा आणि दुःखापासूनचा आसरा, दोन्हीला एकच शब्द. हे डोक्यात ठेवून अजिंठ्याचं १२ नंबरचं लेणं बघा, मधे मोकळं दालन, तीन बाजूंना १२ खोल्या, प्रत्येकीत दगडी बाक दोन, बस. मोठी खोली कुणालाच नाही. गुहा म्हटलं की हे सगळं निसटतं, गुहा निसर्गातही असते, लेणं मात्र कुणीतरी कुणासाठी तरी केलेलं असतं.

नाशिकच्याच आणखी एका लेखात उषवदाताची बायको दखमित्रा हिचं दान आहे, 'ओवरको', म्हणजे खोली. देवळाच्या आवारात मुक्कामाला असते ती ओवरी हाच शब्द आहे, मूळ अपवरक.

पुढे अर्थ पसरला. वेरूळचं कैलास काही राहायची जागा नाही, आठव्या शतकात वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळच आहे, तरी आपण कैलास लेणं म्हणतो कारण तोवर डोंगरात कोरलेलं ते लेणं असा अर्थ झाला होता, आणि इथे दागिन्याच्या अर्थाची सावली पडली असेल तर मला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता वापराचं. एक असेल तर ते लेणं, अनेक असतील तर ती लेणी, नपुंसकलिंगी. त्यामुळे 'ही लेणी खूप सुंदर आहे' हे चूक, 'हे लेणं सुंदर आहे' किंवा 'ही लेणी सुंदर आहेत' म्हणा. आणि 'अजंता गुफा' तर मराठीत नकोच, अजिंठ्याची लेणी म्हणा.