मंडळी सोडली तर देवही सोडेल का?

धुळे-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती कुटुंबांतून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. विचारणारी कधी आजी असते, कधी कॉलेजातला मुलगा. "ताई, मी चर्चला जाणं बंद केलंय. देव शिक्षा करेल का?" त्या सगळ्यांसाठी सुवार्ताची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सुवार्ता नवापूरकडची. मुलाला सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. कळा सुरू झाल्या की पोर रात्रभर कण्हायचं. मंडळीचा, म्हणजे तिच्या चर्चचा पुढारी, ज्याला ती 'ब्रदर' म्हणायची, म्हणाला, घरात लपवलेलं पाप आहे. मग उपास झाले, दशांशावर, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्श्यावर, आणखी अर्पण झालं, भर उपासनेत उभं राहून कबुली झाली. ती सोबत एक शंभरपानी वही घेऊन आली होती. नवऱ्याला उलट बोलले, मालिका पाहिली, प्रार्थनेत डोळा लागला, अशी 'पापं' ओळीनं लिहिलेली आणि प्रत्येक पानाखाली पुढाऱ्याची सही. शेवटी त्यानं पोराच्या गोळ्या बंद करायला सांगितलं. तिनं ऐकलं नाही, तर मंडळीतून काढलं.

मी तिला विचारलं, "डोळे मिटल्यावर देव कसा दिसतो?"

"ब्रदरसारखा. हातात वही."

इतकी वर्षं अशा दुखावलेल्या माणसांशी बोलायचं काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. धाकात ठेवणारा माणूस हळूहळू देवाच्या जागी जाऊन बसतो. अशा वेळी 'प्रार्थना वाढवा' म्हणणारे आणि 'धर्मच सोडा' म्हणणारे, दोघंही त्या बाईचा निर्णय परस्पर घेऊन टाकतात. मी दोन्ही सांगत नाही. बायबल बरेच दिवस आम्ही उघडलंच नाही.

आधी आजाराचं बोललो. आईबाप दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. तिला ते पटलं. "पण छातीतली धडधड थांबत नाही," म्हणाली.

मग एके दिवशी तिनंच योहानाचं शुभवर्तमान मागितलं. 9 वा अध्याय, जन्मांध माणसाचा. पाप कुणाचं, याचं की आईबापांचं, असं शिष्य विचारतात आणि येशू सांगतो, याचंही नाही, आईबापांचंही नाही. हे तिनं लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलं होतं. मी म्हटलं, थांबू नकोस, पुढे वाच. त्याच्या आईबापांना सभास्थानातून काढतील याची भीती वाटते. धर्मपुढारी त्या माणसाला 'तू पापातच जन्मलास' म्हणून हाकलून देतात. 35 व्या वचनावर तिचं बोट थांबलं.

"ताई, याला बाहेर काढलं हे ऐकून येशू याला गाठतो."

"हो."

"आणि हाकलणारे देवाचीच माणसं म्हणवत होते."

ती बराच वेळ रडली. मग अहिराणीत म्हणाली, "मना पोऱ्यानं काय पाप शे? काहीच नही." हे उत्तर मी देऊ शकले असते, पण त्याला काडीची किंमत आली नसती. ते तिच्या तोंडून येईपर्यंत थांबता आलं, याचं मला आजही समाधान आहे.

तुमची अवस्था अशी असेल तर काही महिने चर्चला गेला नाहीत तरी चालेल. प्रार्थना सुचत नसेल तर गप्प बसा, तीही प्रार्थनाच. औषध मात्र कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. भूत काढण्याच्या नावाखाली कुणी मारहाण केली तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर 14416 वर टेलि-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीला, फोन करा. आणि नवी मंडळी शोधताना बघा, तिथे प्रश्न विचारलेला चालतो का, अर्पणाचा हिशोब सर्वांसमोर मांडतात का, खासगीत सांगितलेलं खासगीत राहतं का.

सुवार्तानं नव्या पाळकांना पहिल्याच भेटीत विचारलं, "पोराच्या गोळ्या चालू आहेत, चालेल ना?" पाळकांनी विचारलं, दवाखान्याची पुढची तारीख कधी आहे, सोबत कुणी हवं का?