दोन .22 रायफली, मॉडेल एकच, ग्रुप वेगळे: बॅरल बदलावं का?

प्रश्न थोडक्यात असा: एकाच मॉडेलच्या दोन .22 मॅच (स्पर्धेच्या) रायफली 50 मीटरवर क्लॅम्पमध्ये घट्ट आवळून लावल्या. एकीचा दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, 15 मिलिमीटर आला, दुसरीचा 25. दुसरीचं बॅरल (नळी) खराब समजायचं का?

लगेच नको. हे आकडे भोकांच्या बाहेरच्या कडांपासून मोजलेत असं धरतो. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळी 5.6 ची, आणि रेषेला शिवली तरी दहाच. त्यामुळे 21.6 मिलिमीटरच्या आत बसणारा ग्रुप म्हणजे सगळे दहा. 25 वाली रायफल मात्र नेमबाजाची काही चूक नसताना नऊ देणार. तक्रार खरी आहे, कारण शोधायला हवं.

बॅरलची लांबी, वजन, स्टेनलेस की साधं पोलाद यावर चर्चा फार होते; .22 मध्ये त्यांचा वाटा नगण्य. दारू पहिल्या 40-45 सेंटीमीटरमध्येच जळून जाते. पुढची लांबी कामाला येते ती मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर वाढवायला. ट्विस्टही (नळीतल्या खाचांचा पीळ) जवळपास सगळीकडे 16 इंचांना एक फेरा, त्यामुळे तिथेही फरक सापडत नाही.

फरक असतो आतल्या मापाच्या सारखेपणात. गोळीचं शिसं मऊ. एकदा दाबलं गेलं की परत फुगत नाही. पुढे नळी जराशी जरी सैल झाली तरी गोळीची खाचांवरची पकड सुटते आणि गॅस बाजूने निसटतो. याउलट तोंडाकडे किंचित आवळत गेलेली नळी चालते, नव्हे, चांगली मानतात. बटन (कठीण धातूचा ठोकळा) आतून ओढून रायफलिंग, म्हणजे खाचा, केलेल्या बॅरलमध्ये ताण शिल्लक राहतो. तो नीट काढला नसेल आणि नंतर बाहेरून पोलाद कापलं, समजा पुढच्या साइटसाठी खाच पाडली, तर नेमकी तेवढ्याच भागात नळी आतून मोकळी होते. हे हाताला कळतं. बोल्ट (मागचा सरकता दांडा) काढून, चेंबर (काडतूस बसतं ती मागची जागा) रिकामं असल्याची खात्री करून, तेल लावलेली मऊ शिशाची गोळी चेंबरकडून रॉडने हळू ढकलायची. जोर शेवटपर्यंत एकसारखा लागला किंवा तोंडाशी थोडा वाढला तर उत्तम. मध्येच गोळी सुळकन पुढे गेली तर तिथे दोष आहे.

त्यानंतर क्राउन, म्हणजे नळीच्या तोंडाची कड. गोळी सुटते त्या क्षणी गॅस सगळीकडून एकदम बाहेर पडला पाहिजे. एका बाजूने आधी सुटला तर गोळीचं बूड ढकललं जातं. कापसाची काडी आतून बाहेर फिरवा, धागा अडकला तर तिथे बर (धातूची खरखरीत कड) आहे. काही राउंडनंतर (राउंड म्हणजे काडतूस) तोंडावर काजळीची चांदणी उमटते, तिच्या पाकळ्या सारख्या हव्यात. क्राउन बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे तोंडाकडून घातलेला क्लीनिंग रॉड. रॉड मागूनच घालावा, एकसंध आणि कोटिंगवाला, गाइड लावून.

चेंबरसाठी रेंजवरच, रायफल लक्ष्याकडे धरून, एक राउंड भरा आणि न झाडता बाहेर काढा. गोळीवर रायफलिंगच्या खुणा चहूबाजूंनी सारख्या हव्यात. एकाच बाजूला खोल असतील तर चेंबर तिरकं आहे. (काढताना गोळी आत अडकू शकते, रॉड हाताशी ठेवा.) चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं कडं साचतं, जुन्या बॅरलचा ग्रुप अचानक फुटला तर पहिला संशय त्याच्यावर.

एवढं असलं तरी 15 आणि 25 मधला फरक बहुतेक वेळा लॉटमध्ये, म्हणजे एकत्र बनलेल्या काडतुसांच्या खेपेत, निघतो. मॅच राउंडचा वेग सेकंदाला सुमारे 325 मीटर. त्यात 10 मीटरचा फरक पडला तरी 50 मीटरवर गोळी 7-8 मिलिमीटर खालीवर लागते. एका बॅरलला आवडलेला लॉट शेजारच्या रायफलीत पसरतो, आणि हे आधी ओळखायची सोय नाही. म्हणून एली, लापुआसारख्या काडतूस कंपन्या रायफल क्लॅम्प करून लॉट तपासून देतात. तुमच्या दोन्ही रायफलींत एकच लॉट झाडला असेल तर ती तुलना बॅरलची झालीच नाही. निदान चार-पाच लॉट घ्या, प्रत्येकाचे दहा-दहाचे चार ग्रुप. पाच गोळ्यांच्या एका सुंदर ग्रुपवर विसंबू नका. लॉट बदलला की 10-15 राउंड सोडून द्या, आधीच्या गोळ्यांचं वंगण जाऊन नव्याचा थर बसावा लागतो.

त्याआधी अॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या धातूच्या भागाला स्टॉकशी जोडणारे) स्क्रू टॉर्क रेंचने तपासा. साधारण 5 न्यूटन-मीटर, पण आकडा पुस्तिकेतलाच धरावा. लाकडी स्टॉक पावसाळ्यात फुगतो, तेव्हा पुन्हा पाहावं.

सगळं करूनही एकही लॉट 20 च्या आत आला नाही, तर प्रथम क्राउन लेथवर नव्याने कापून घ्या. ते स्वस्तातलं काम आहे. बॅरल बदलणं त्यानंतर, आणि परवानाधारकाकडूनच. 1959 च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात.