सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरी दर महिन्याला ओटीपोटात असह्य दुखतं. डॉक्टर म्हणतात काही नाही, मूल झालं की थांबेल. हे बरोबर आहे का?

नाही. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही, असं ठरत नाही. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढते. अंडाशयातली मोठी गाठ सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या आवरणावरचे बारीक ठिपके बहुतेक वेळा निसटतात. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एका स्त्रीला हा त्रास असतो, म्हणजे दुर्मीळ वगैरे अजिबात नाही. ‘एश्रे’ या युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पोटात दुर्बीण घालून तपासणी (लॅपरोस्कोपी) न करताही, लक्षणांवरून हार्मोनच्या गोळ्या सुरू करता येतात. आणि निव्वळ उपचार म्हणून मूल होऊ द्या असा सल्ला देऊ नये, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. (तो सल्ला अजून सर्रास दिला जातो, ही गोष्ट वेगळी.)

पुढच्या भेटीत ‘खूप दुखतं’ एवढंच सांगू नका. दोन-तीन महिन्यांची नोंद न्या:
- पाळीच्या कितव्या दिवशी दुखलं, पाळी नसतानाही दुखतं का
- शौचाला, लघवीला किंवा संबंधांच्या वेळी दुखतं का
- किती दिवस काम बुडालं, कोणती गोळी घेऊन काय फरक पडला

मग थेट विचारा, ‘एंडोमेट्रिओसिस नाही हे कशावरून?’ उत्तर टाळलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

मात्र प्रत्येक ओटीपोटदुखी म्हणजे हाच आजार नव्हे. मूत्राशय, आतडी किंवा ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या, आखडलेल्या स्नायूंमुळेही असंच दुखू शकतं.